टपावरचा सिनेमा

इगतपुरीत ड्राइव्ह-इन थिएटर कधीच नव्हतं. हे सुरुवातीलाच सांगून टाकलेलं बरं, कारण आमच्या घरातली निम्मी माणसं ते होतं म्हणून भांडायला उठतात. धाकटे काका तर जागाही दाखवतात. मुंबई-आग्रा रस्त्याला लागून मोकळं माळरान होतं, तिथं ट्रक ओळीनं उभे राहायचे आणि टपावर बसून माणसं सिनेमा बघायची. ‘याला ड्राइव्ह-इन नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं?’ असा त्यांचा सवाल. मोठी आत्या त्यावर एकच वाक्य बोलते, ‘अरे, ते फुकटे होते. तिकीट चुकवायला टपावर चढायचे.’

काकांच्या डोक्यात ड्राइव्ह-इन शिरलं ते मुंबईत. वांद्रे पूर्वेला, कलानगरच्या बाजूला तेव्हा एक ड्राइव्ह-इन थिएटर होतं. नोकरीत नवे असताना साहेबांच्या गाडीत मागच्या सीटवर बसून तिथं जायचा योग त्यांना एकदा आला. सगळी मुंबई ज्याचं कौतुक करत होती ते पाहून काका घरी आले आणि म्हणाले, ‘त्यात काय आहे? आपल्याकडे ट्रकवर बसून बघतात, तिथं गाडीत बसून बघतात. आपल्याकडे वारा तरी लागतो.’

ही कल्पना मुळात अमेरिकेची. न्यू जर्सीतल्या रिचर्ड हॉलिंग्सहेड नावाच्या माणसानं ६ जून १९३३ रोजी कॅम्डेन शहराजवळ पहिलं ड्राइव्ह-इन सुरू केलं. त्याआधी त्यानं घराच्या अंगणात प्रयोग केले होते. मोटारीच्या बॉनेटवर प्रोजेक्टर ठेवला आणि झाडांना चादर बांधून तिच्यावर चित्रं पाडली. म्हणजे सुरुवात त्याचीही चादरीवरच झाली, हे ऐकून काका फार खूश झाले. पुढं अमेरिकेत घरोघरी मोटारी आल्या आणि हा धंदा फोफावला. आपल्याकडे मोटारी मूठभरांकडे, त्यामुळं ड्राइव्ह-इनही मूठभरच निघाली. अहमदाबादला १९७३ साली निघालं, मग वांद्र्याला. वांद्र्याचं पुढं बंद पडलं. आता त्याच परिसरात, वांद्रे-कुर्ला संकुलातल्या एका मॉलच्या गच्चीवर नोव्हेंबर २०२१ पासून नवं ड्राइव्ह-इन आहे. तिथं गाडी घेऊन वर चढायचं असतं. काकांना अजून नेलेलं नाही.

अमेरिकेत ड्राइव्ह-इन निघालं, कारण लोकांकडे जायला गाड्या होत्या. इगतपुरीत सिनेमा आला, कारण इथं थांबावं लागायचं. आमच्या गावाचा सगळा इतिहास या थांबण्यात आहे.

मुंबई-ठाणे गाडी १८५३ साली सुरू झाली खरी, पण ग्रेट इंडियन पेनिन्सुला म्हणजे जीआयपी रेल्वेला सह्याद्री चढून वर यायला आणखी बारा वर्षं लागली. कसारा ते इगतपुरी हा थळ घाटातला मार्ग १ जानेवारी १८६५ रोजी खुला झाला. तेरा बोगदे, दऱ्यांवरचे उंच पूल आणि एकास सदतीस अशी चढण. म्हणजे सदतीस फूट पुढं गेलं की एक फूट वर. कागदावर हे काहीच वाटत नाही, पण रुळांवर ते फार होतं. एका इंजिनाला पूर्ण गाडी ओढवत नाही, म्हणून कसाऱ्याला मागून ढकलणारी इंजिनं लावायची. त्यांना बँकर म्हणतात. वर आलं की ती काढायची. १९३० च्या सुमारास मुंबईकडून विजेची तार इगतपुरीपर्यंत आली आणि इथंच संपली. पुढं भुसावळकडं वाफेचं इंजिन. म्हणजे प्रत्येक गाडीचं इंजिन इगतपुरीला बदलणार. घाटातल्या मालगाड्यांना जे हिरवट विजेचं इंजिन असायचं त्याला सगळे खेकडा म्हणत. चालताना ते वाकडंतिकडं हलायचं आणि उभं असताना विचित्र कण्हायचं. साठच्या दशकाच्या शेवटी तार पुढं गेली, पण तिच्यातली वीज निराळ्या जातीची. मुंबईकडं डीसी, भुसावळकडं एसी. त्यामुळं इंजिनबदल काही चुकला नाही.

जिथं गाड्या थांबतात तिथं माणसंही थांबतात. ड्रायव्हर, फायरमन, गार्ड यांची एक पाळी इथं संपायची, दुसरी सुरू व्हायची. बाहेरगावचे लोक रनिंग रूममध्ये झोपायचे, गावातले घरी. कामाची वेळ ठरलेली नसायची, त्यामुळं फावल्या वेळेचीही नसायची. अशा माणसांसाठी रेल्वेनं ठिकठिकाणी इन्स्टिट्यूट काढल्या. गोऱ्या साहेबांच्या काळात तिथं बिलियर्ड आणि नाच, स्वातंत्र्यानंतर कॅरम, पत्ते, गणपती आणि सिनेमा.

आजोबा फायरमन म्हणून लागले आणि ड्रायव्हर होऊन निवृत्त झाले. ते सांगायचे त्यातला बराचसा सिनेमा इन्स्टिट्यूटच्या मैदानातला. दोन खांबांना पांढरं कापड ताणून बांधलेलं, समोर सतरंज्या, मागं साहेब लोकांच्या खुर्च्या. मशीन एकच, त्यामुळं रीळ संपलं की अंधार आणि शिट्ट्या. पण आजोबांची खरी गोष्ट सिनेमाची नसायचीच, ती असायची कॉलबॉयची. ज्याची गाडी लागली त्याला घरी जाऊन उठवायचं आणि वहीत त्याची सही घ्यायची, हे कॉलबॉयचं काम. सिनेमाच्या रात्री घरं रिकामी, हे त्याला ठाऊक. तो कंदील घेऊन थेट मैदानात शिरायचा आणि पडद्यासमोरून वाकत जात एकेकाच्या तोंडाशी कंदील धरायचा. लोक ओरडायचे, ‘ए, खाली बस!’ ज्याच्यावर उजेड थांबायचा तो मुकाट उठून सही करायचा आणि डबा घ्यायला घरी पळायचा. आजोबांनी किती सिनेमे अर्धे पाहिले याचा हिशोब नव्हता. शेवट त्यांना दुसऱ्या दिवशी आजी सांगायची. आणि आजी शेवट बदलून सांगायची, हे आम्हाला आत्याकडून फार उशिरा कळलं. दुःखी शेवट सांगून ड्युटीवर पाठवायचं नाही, असा तिचा नियम होता. त्यामुळं आजोबांच्या आठवणीत सगळ्या नायिका जिवंत आहेत.

या गोष्टी नेमक्या कोणत्या वर्षांच्या, हे घरात कुणालाच सांगता येत नाही. साल विचारलं की आत्या म्हणते, ‘तुझा बाप रांगत होता तेव्हा.’ मग मी रेल्वेच्या आधारानं तारखा लावायला लागले. आत्याला आठवतं की पडद्यावर काळे कण बसायचे आणि दुसऱ्या दिवशी ते कापड धुवायला जायचं. कोळशाची कणी, म्हणजे वाफेची इंजिनं, म्हणजे साठच्या दशकाच्या शेवटापूर्वीची गोष्ट. काकांना इंजिनाचा धूर आठवतच नाही, जनरेटरचा तेवढा आठवतो. म्हणजे त्यांचा सिनेमा नंतरचा आणि जागाही वेगळी. दोघं इतकी वर्षं एकाच सिनेमावरून भांडत होते असं आम्हाला वाटायचं, पण सिनेमे दोन होते. आत्याचा मैदानातला, काकांचा तंबूतला.

तंबूचा इतिहास इन्स्टिट्यूटमधल्या सिनेमापेक्षा जुना. सुरतेचा अब्दुलअली युसुफअली हा माणूस विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला प्रोजेक्टर आणि तंबू घेऊन आग्नेय आशियात हिंडला. मग हिंदुस्थानात हिंडला आणि शेवटी मुंबईत पक्क्या थिएटरचा मालक झाला. आमच्या बाजूला दादासाहेब फाळके. इगतपुरीच्या डोंगरांपलीकडं त्र्यंबकेश्वर, तिथं १८७० सालचा त्यांचा जन्म. ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये लागला आणि त्याच वर्षी फाळके बिऱ्हाड आणि कारखाना घेऊन नाशिकला आले. शूटिंग नाशिकला, थिएटरं मुंबईला. म्हणजे भारतीय सिनेमाच्या सुरुवातीच्या कितीतरी पेट्या आमच्या घाटातूनच खाली उतरल्या असणार. गाडी सुटेपर्यंत त्या फलाटाशेजारी डब्यात बसून असणार. फाळके पडदा आणि मशीन बैलगाडीत घालून स्वतःही गावोगाव खेळ करत. त्यांच्या ‘लंकादहन’ सिनेमाच्या वेळी गल्ल्यातली नाणी बैलगाडीतून न्यावी लागली, ही आख्यायिका तर सिनेमाच्या प्रत्येक पुस्तकात आहे. इगतपुरीत त्यांनी खेळ केला होता का, यावर आमच्या गल्लीत दोन मतं आहेत, आणि दोन्ही मतांच्या लोकांचा जन्म त्यानंतर पुष्कळ वर्षांनी झालेला आहे.

तंबू यायचा तो दिवाळीनंतर. आमच्याकडे पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो. जूनपासून चार महिने इथं छत्री टिकत नाही, तिथं तंबूचं काय? त्यामुळं हंगाम थंडीपासून वळवाच्या पहिल्या सरीपर्यंत. एक दिवस ट्रक यायचा. बांबू, दोर, खुंट्या, कनाती, मशीन, जनरेटर, आणि त्यावरच बसलेले पाच-सहा गडी. संध्याकाळपर्यंत माळावर थिएटर उभं. परवाना ठरावीक मुदतीचा, तो संपला की पुढचं गाव. दुपारी टांग्यावर भोंगा लावून गल्लीगल्लीतून पुकारा व्हायचा आणि रंगीत हँडबिलं उधळली जायची. पोरं टांग्यामागं पळायची. ती हँडबिलं पुढं वह्यांना कव्हर म्हणून लागायची.

सिनेमाची पेटी रेल्वेनं यायची. मुंबई प्रांताच्या वितरकांची कार्यालयं लॅमिंग्टन रोडवर नाझ सिनेमाच्या आवारात, तर खानदेश-वऱ्हाडचा कारभार भुसावळ-अमरावतीकडून. दोन्ही पेठा याच रुळांवर. पेटी ब्रेकव्हॅनमधून उतरली की स्टेशनातल्या कुणाला तरी आधी कळायचं आणि तंबूवाल्याच्या आधी गावाला कळायचं, आज काय लागणार. नवा सिनेमा कधीच यायचा नाही. मुंबईत चालून, नाशिकच्या थिएटरांत चालून, झिजून झिजून प्रिंट आमच्यापर्यंत पोचायची. मधली एक-दोन गाणी कापलेली, कधी अख्खी मारामारी गायब. काकांनी ‘शोले’ पहिल्यांदा पाहिला तेव्हा ठाकूरचे हात कसे गेले हे त्यांना कळलंच नाही. मध्यंतरानंतर त्याला हात नव्हते एवढंच. त्यांनी ते तसंच मान्य केलं होतं.

आतमध्ये दोर किंवा कनात घालून बायकांची बाजू वेगळी. जमिनीवरचं तिकीट स्वस्त, खुर्चीचं महाग. घोंगडी घरून आणायची, कारण इगतपुरीची थंडी जमिनीतून वर येते. भुईमुगाच्या शेंगा आतही मिळायच्या, पण त्या बाहेरच घेऊन जायच्या, कारण आत माप लहान.

आत्यानं लहानपणी जे सिनेमे पाहिले त्यातले बरेच मागून पाहिले. मैदानात पडद्याच्या पुढं बसायला पास किंवा पैसे लागायचे, मागं बसायला काही नाही. कापडातून उजेड पलीकडं यायचा आणि चित्र दिसायचं, फक्त उलटं. भालजी पेंढारकरांचा ‘छत्रपती शिवाजी’ हा १९५२ चा सिनेमा तिनं असा पाहिला. त्यामुळं महाराज डावखुरे होते अशी तिची पक्की समजूत. शाळेत मास्तरांना तिनं तसं सांगितलं आणि छडी खाल्ली. ‘मग ज्या हातावर छडी बसली तो कुठला ते बघून घेतलं,’ ती म्हणते. उलट्या पाट्या ती अजूनही झरझर वाचते. बसच्या आरशात मागच्या गाडीचं नाव कुणाला वाचायचं असेल तर आम्ही तिलाच विचारतो.

आता काकांचे ट्रक. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे, असं मला वाटायला लागलंय. कसारा घाट चढून भरलेला ट्रक वर आला की इंजिन तापलेलं असायचं. जुन्या गाड्यांना वर आल्यावर विसावा द्यावाच लागे, पाणी घालावं लागे. खाली उतरणारेही घाटाच्या तोंडाशी ब्रेक तपासायला थांबत. रात्रीचा घाट टाळणारे तर पहाटेपर्यंत मुक्काम ठोकत. अशा वेळी समोर कनातीच्या वर पडद्याचा निम्मा भाग दिसत असेल तर माणूस टपावर चढणारच. पंजाबी सरदारजी, राजस्थानी, मालेगावचे मुसलमान ड्रायव्हर, सगळे टपावर. तंबूवाला पहिल्या दिवशी भांडायचा, दुसऱ्या दिवशी कनात उंच करायचा आणि तिसऱ्या दिवशी टपाटपावर जाऊन निम्म्या दरानं तिकीट फाडायचा, असं काका सांगतात. शेवटचा भाग आत्याला मान्य नाही. मला तो पटतो, कारण धंदेवाला माणूस तेच करील.

मात्र काकांची दुसरी गोष्ट मी सोडून दिली आहे. इंजिन बदलायला थांबलेल्या गाडीच्या खिडकीतून प्रवासी पडदा बघायचे, आणि एकदा सिनेमा रंगात आला म्हणून गार्डनं हिरवा दिवाच दाखवला नाही, ही ती गोष्ट. ती मी तीन वेगवेगळ्या रेल्वे-गावांच्या माणसांकडून ऐकली आहे, प्रत्येकाच्या गावच्या नावानं. मनमाडचा गार्ड, भुसावळचा गार्ड, आमचा गार्ड. आजोबांसमोर कुणी ती सांगितली की ते फक्त म्हणायचे, ‘गाडी का थांबली ते कंट्रोल ऑफिसनं विचारलं असतं ना रे.’

१९७४ च्या मे महिन्यात रेल्वेचा संप झाला. ८ तारखेला सुरू झाला, २७ ला मागं घेतला. रेल्वेच्या गावात त्या वीस दिवसांचा अर्थ ज्यांनी ते काढले त्यांनाच कळतो. धरपकड चालू होती, पुरुष घराबाहेर कुठंतरी लपलेले, पगार बंद. माळावर तंबू उभा होता. घाटात गाड्याच नव्हत्या, म्हणून पेटीही बदलत नव्हती. काका म्हणतात, तंबूवाल्यानं एकच सिनेमा रोज लावला, बायका-पोरांना उधारीवर आत सोडलं आणि पावसाळ्याआधी वसुली न करता निघून गेला. त्या माणसाचं नाव कुणालाच आठवत नाही. पुढच्या थंडीत जो तंबू आला तो दुसऱ्याचा होता.

सगळ्यात मोठी गर्दी कोणत्या सिनेमाला, यावर मात्र घरात एकमत आहे: ‘जय संतोषी माँ’. सिनेमा १९७५ चा, आमच्याकडे बराच नंतर पोचला. देशभर जे चाललं होतं तेच इथंही. बायका चपला बाहेर काढून आत येत, पडद्यासमोर नारळ फोडत, नाणी टाकत. खेळ संपल्यावर ती नाणी कोण गोळा करायचं हे मी विचारलं. आत्या हसली आणि विषय बदलला. दादा कोंडक्यांच्या सिनेमाला दुसऱ्या प्रकारची गर्दी. त्या रात्री बायकांच्या बाजूचा दोर काढून टाकावा लागे, कारण बायका कमी असत. असं काका म्हणतात. आत्या म्हणते, आम्ही पडद्याच्या मागं असायचो.

तंबू गेला तो कधी गेला हे सांगता येत नाही, कारण तो दर वर्षीच जायचा. एका वर्षी आलाच नाही. मुंबई दूरदर्शन १९७२ साली सुरू झालं होतं, पण घाटमाथ्यावर चित्र धरायला अँटेना उंच बांबूवर चढवावा लागे आणि तरी मुंग्याच दिसत. त्यापेक्षा व्हिडिओनं तंबूला जास्त मारलं. ऐंशीच्या दशकात भाड्याचा व्हीसीआर आणि रंगीत टीव्ही आणून गल्लीत रात्रभर तीन-तीन सिनेमे बघायची चाल पडली. मी ते पाहिलेत. झोप न आलेले सिनेमे मला आठवतात, झोप आलेले नाही. महाराष्ट्रात जत्रांमधले तंबू त्यानंतरही पुष्कळ वर्षं टिकले. त्यांच्या अखेरच्या काळावर शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट केला. २०१६ साली कान महोत्सवात त्याचा विशेष गौरव झाला. जत्रेच्या गावांना तंबू हवा होता. आमच्या गावाला नुसता थांबा होता, आणि थांबेच कमी होत गेले.

ट्रकची इंजिनं सुधारली, घाटातला रस्ता रुंद झाला. २००६ च्या सुमारास घाटातली वीजही एसी झाली आणि इगतपुरीला इंजिन बदलायची सक्ती संपली. बँकर अजून लागतात, चढण तीच आहे ना. ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला. जवळपास आठ किलोमीटरच्या बोगद्यातून गाडी काही मिनिटांत सह्याद्री पार करते. आता इगतपुरीला जे थांबतात ते मुद्दाम येतात. धम्मगिरीवर विपश्यनेला येतात, नाहीतर पावसात भावली धरणाकडं धबधबे बघायला. काका म्हणतात, आता खरं ड्राइव्ह-इन काढायची वेळ आली, गाड्या आल्यात. आत्या म्हणते, जूनमध्ये काढ.

या सगळ्याचा कागद जवळपास नाही. पक्क्या थिएटराची इमारत उरते, निदान तिची जागा तरी सात-बारावर राहते. तंबूचा परवाना मुदत संपली की रद्दी. इन्स्टिट्यूटच्या खेळांच्या वह्या असतीलही, पण त्या जपून ठेवायला कुणाला सांगितलेलं नव्हतं. जे आहे ते इगतपुरी, घोटी, कसारा, देवळाली इथल्या घरांत आहे. ट्रंकेच्या तळाला घातलेलं एखादं हँडबिल, जुन्या वहीचं कव्हर, रेल्वेच्या पासाच्या पाकिटात राहिलेलं अर्धं तिकीट. घर आवरताना असं काही सापडलं तर टाकू नका, वाचनालयात नेऊन द्या. आणि घरात ऐंशीच्या पुढचं कुणी असेल तर त्यांना आजच विचारा. साल विचारू नका, ते सांगता येत नाही. इंजिन वाफेचं होतं की विजेचं, ते विचारा आणि लिहून ठेवा.